शुक्रवारचा पाचवा प्रश्न

चौतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांमधून नागरिकशास्त्र शिकवलं. संसदेच्या धड्यात प्रश्नोत्तराच्या तासावर एक परिच्छेद असे आणि परीक्षेत त्यावर हमखास टीप यायची. दोन गुण. ‘कामकाजाचा पहिला तास, सदस्य प्रश्न विचारतात, मंत्री उत्तरे देतात’ एवढं लिहिलं की मी दोन्ही गुण देऊन टाकत असे. तो तास मी स्वतः कधीच पाहिला नव्हता. निवृत्त झाल्यावरही पाहिला नसता, पण माझा मुलगा एका परक्या देशाच्या बंदरात अडकला आणि मला त्या तासाची गरज पडली.

राळेगावचा मुलगा जहाजावर जातो म्हटल्यावर लोकांना अजूनही नवल वाटतं. आमच्याकडं कापूस, सोयाबीन, तूर. पाणी म्हणजे विहिरीचं नाहीतर नाल्याचं. हा आयटीआय करून मुंबईला गेला, तिथं कसलासा कोर्स केला आणि मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत लागला. त्याचे बाबा होते तोवर आम्ही दोघं मिळून नकाशावर त्याचं जहाज शोधायचो. ते गेल्यावर नकाशा मीच एकटी बघू लागले. गावाबाहेरच्या लेआऊटमध्ये आमचं दोन खोल्यांचं घर आहे. समोर एक कुटुंब, बाकीचे प्लॉट रिकामे.

जहाज थांबवलं गेलं ते पोळ्याच्या आसपास. त्याचा आवाजी निरोप आला, “आई, जहाज अडवलंय. कागदांची काहीतरी भानगड आहे. काळजी करू नको.” दोन दिवसांनी त्यांचे मोबाइल काढून घेतले. मुंबईच्या एजन्सीतला माणूस आधी फोन उचलायचा, मग उचलेनासा झाला. तीन-चार आठवड्यांतून एकदा, दूतावासातल्या कुणाच्या तरी फोनवरून, मुलाशी मिनिटभर बोलणं व्हायचं. बरा आहेस ना? बरा आहे. जेवतोस ना? जेवतो. फोन ठेवल्यावर मला विचारायचं ते सगळं आठवायचं. त्या देशाचं नाव मी इथं लिहीत नाही. मुलाला त्याच समुद्रातून पुन्हा जावं लागतं.

पहिला महिना लोक येत होते. शाळेतल्या जुन्या बाया आल्या, बुद्धविहारातल्या उपासिका येऊन बसल्या, वंदना घेतली. मग सोयाबीनची काढणी सुरू झाली आणि ज्याला त्याला आपापलं काम लागलं. यात कुणाचाच दोष नव्हता. रोज येऊन तेच विचारायचं आणि तेच उत्तर ऐकायचं, हे माणसाला किती दिवस जमणार?

माझा एक जुना विद्यार्थी विदर्भातल्याच एका खासदारांच्या कार्यालयात काम करतो, असं मला कुणीतरी सांगितलं. एसटीनं गेले. तो आता चांगला चाळिशीतला गृहस्थ, डोक्याला टक्कल. मला बघून खुर्चीतून उठला. नागरिकशास्त्रात तो कच्चा होता, हे आम्हा दोघांनाही आठवत होतं. मी तीन पानी अर्ज नेला होता. तो त्यानं उभ्याउभ्याच पूर्ण वाचला.

“बाई, तीन पानं नाई चालत,” तो म्हणाला. “प्रश्न दीडशे शब्दांच्या आत बसवा लागते.”

“बसव मग.”

त्यानं बसवला. माझ्या तीन पानांच्या चार ओळी झाल्या. (क), (ख), (ग), (घ). त्यात मुलगा कुठंच नव्हता.

“याच्यात नाव नाही,” मी म्हटलं.

“नाव नाई टाकता येत, बाई. ‘काही भारतीय नाविक’ असं लिवलं.”

“काही?”

“संसदेची भाषा हाये ते.”

मग त्यानं मला समजावून सांगितलं. परराष्ट्र खात्याचे प्रश्न शुक्रवारी येतात. प्रश्न पाठवले म्हणजे लागतातच असं नाही, सोडत निघते. तारांकित म्हणून लागला तर मंत्री उभे राहून उत्तर देतात, सदस्याला वर दोन पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकित लागला तर नुसता कागद येतो. “आन् तारांकित लागला तरी वरचा नंबर पाह्यजे. वीस असतात यादीत, तासाभरात पाच-सहाच होतात.” हे सगळं मी चौतीस वर्षं शिकवत होते, त्याला पण शिकवलं होतं. आणि आता समोर बसून वहीत उतरवून घेत होते.

डिसेंबरात त्याचा फोन आला. “बाई, लागला! तारांकित! पाचवा नंबर हाये. दक्षिणेकडल्या एका खासदारांनीबी तसाच प्रश्न टाकलता, तर दोघांचा एकात केला. पयलं नाव आपल्या साहेबांचं.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “पुरवणी प्रश्न काय विचारायचे ते तुमीच सांगा. मी साहेबांले देतो.”

चार दिवस मी दुसरं काही केलं नाही. बारा प्रश्न लिहिले आणि त्यातले दहा खोडले. उरले ते हे: त्या मुलांना आठवड्यातून एकदा तरी घरी बोलता येईल, अशी सोय करता येईल का? आणि त्यांच्यापैकी कुणी आजारी आहे का? दुसरा प्रश्न अशासाठी की शेवटच्या फोनवर मुलगा सारखा खोकत होता, आणि आजारी आहेस का विचारल्यावर ‘नाही’ म्हणाला होता.

शुक्रवारी सकाळी आंघोळ करून मी शाळेत तपासणी असली की नेसायचे ती खळ घातलेली सुती साडी नेसले. कुणी बघणार नव्हतं. समोरच्या वहिनींना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की माझ्यासोबत बसायला या. त्या साडेदहाला आल्या त्या डोक्याला फडकं बांधूनच.

“बाई, मी नाई थांबू शकत वं. आज कापूस वेचाले बाया भेटल्या, उद्या नाई भेटत. तुमी पाहा आन् मले संध्याकाळी सांगा.”

“सांगीन,” मी म्हटलं.

अकरा वाजता टीव्हीच्या पडद्यावर लोकसभेतले सगळे उभे राहिले. अध्यक्ष आले. आधी एका दिवंगत माजी सदस्यांचा उल्लेख झाला. ते कुठले, काय काम केलं, हे अध्यक्षांनी वाचून दाखवलं आणि सगळे पुन्हा मौन पाळायला उभे राहिले. मीही उभी राहिले. तेवढ्यातसुद्धा, माझ्या तासातली मिनिटं चालली, हा विचार डोक्यात आला आणि त्याची लाज वाटली.

पहिला प्रश्न दवाखान्यांचा होता. मंत्री उत्तर देत होते तोवर पाठीमागून घोषणा सुरू झाल्या. कशाबद्दल ते कळत नव्हतं. काही सदस्य फलक घेऊन अध्यक्षांच्या समोरच्या मोकळ्या जागेत उतरले. अध्यक्ष म्हणाले, आपल्या जागेवर जा, नाहीतर मला कामकाज थांबवावं लागेल. एकदा म्हणाले, दोनदा म्हणाले.

“गप्प बसा!” मी ओरडले.

माझाच आवाज ऐकून मी दचकले. वहिनींशी झालेली दोन वाक्यं सोडली तर कालपासून मी तोंड उघडलं नव्हतं.

ते काही माझं ऐकून नव्हे, पण दहा मिनिटांनी जागेवर गेले. दुसरा प्रश्न, तिसरा. चौथ्याला एक सदस्य पुरवणी प्रश्नाच्या नावाखाली भाषणच करू लागले. अध्यक्ष म्हणाले, प्रश्न विचारा. ते म्हणाले, प्रश्नच विचारतोय, आणि पुढं बोलत राहिले. घड्याळात अकरा अठ्ठेचाळीस झाले होते.

मग अध्यक्षांनी पाचवा प्रश्न पुकारला. आमच्या खासदारांचं नाव घेतलं. कॅमेरा एका बाकाकडं वळला. बाक रिकामा होता. अध्यक्षांनी पुन्हा नाव घेतलं, चष्म्यावरून त्या दिशेला पाहिलं आणि दुसरं नाव घेतलं.

ते दुसरे सदस्य उठले. पांढऱ्या कपड्यातले, म्हातारे, जरा वाकलेले. त्यांनी नुसता प्रश्नाचा क्रमांक उच्चारला. मंत्री उठून म्हणाले, विवरण सभागृहाच्या पटलावर ठेवलं आहे. म्हणजे माझ्या चार ओळींचं उत्तर देऊन झालं होतं. त्यानंतर ते म्हातारे सदस्य आपल्या भाषेत बोलू लागले. मला एक अक्षर कळेना. मग त्यांच्या आवाजावर दुभाषाचा हिंदी आवाज चढला.

“मेरे क्षेत्र की एक माता हर सोमवार मेरे कार्यालय में आती हैं. उनका बेटा इसी जहाज़ पर है. वे कुछ माँगती नहीं, केवल बैठी रहती हैं. मंत्री महोदय बताएँ, इस सोमवार मैं उन्हें क्या कहूँ?”

मी खुर्चीत पुढं सरकले. इतक्या महिन्यांत माझ्या मनात एक जहाज होतं, त्यावर माझा एक मुलगा होता आणि राळेगावात मी होते. बाकीच्या मुलांनाही आया असतील, हे माहीत नव्हतं असं कसं म्हणू? पण त्यातली एक कुठल्याशा गावात, कुठल्याशा कचेरीत सोमवारी बाकावर बसून असते, हे मला आता दिसलं.

मंत्री शांतपणे बोलले. आपले अधिकारी नाविकांना चार वेळा भेटले आहेत. सर्वांची प्रकृती ठीक आहे. प्रकरण तिथल्या न्यायालयात आहे. सरकार सतत संपर्कात आहे. म्हाताऱ्यांनी दुसरा प्रश्न विचारला, कधीपर्यंत? मंत्री म्हणाले, न्यायालयाबाबत तारीख सांगता येणार नाही. मग एका सदस्यानं परदेशातल्या विद्यार्थ्यांचं विचारलं, दुसऱ्यानं पकडल्या गेलेल्या मच्छीमारांचं. त्यांनाही तितक्याच शांतपणे उत्तरं मिळाली. मग सहावा प्रश्न पुकारला गेला, पासपोर्टचा, आणि बारा वाजले.

माझे दोन प्रश्न मांडीवरच्या कागदावर तसेच होते.

मी विद्यार्थ्याला फोन लावला. “कुठं होते तुझे साहेब?”

“बाई, मी तुमालेच फोन करनार होतो. साहेबांच्या आईले काल भरती केलं. आयसीयूत हाये. सकाळच्या विमानानं आले ते. तुमचे प्रश्न खिशातच राह्यले त्याईच्या.”

राग कुठं ठेवावा ते कळेना. “कशा आहेत त्या?” मी विचारलं.

“नाई सांगता येत म्हनते डॉक्टर.”

त्यानंतर खरं तर टीव्ही बंद करायला हरकत नव्हती. मी केला नाही. बंद केला तर मुलाचा विषय संपला, असं काहीतरी वाटत होतं. निदान त्या सभागृहात ते शब्द नुकतेच बोलले गेले होते. म्हणून मी सगळा दिवस बघितला. मंत्री एकामागून एक उठून कागद पटलावर ठेवत होते. मग शून्य प्रहर आला. कुणाच्या गावाला रेल्वेचा थांबा हवा होता, कुणाच्या शेतात रानडुकरं शिरत होती, कुणाचा पूल अर्धवट होता. प्रत्येकाला मिनिट-दीड मिनिट. लाल दिवा लागला की माइक बंद. अर्धवट वाक्यात माणूस तोंड हलवत उभा राहायचा.

जेवणाच्या सुटीनंतर एका विधेयकावर चर्चा झाली. साडेतीनला खासगी सदस्यांचं कामकाज सुरू झालं. शुक्रवारची दुपार, बरेच जण आपापल्या गावी निघाले असावेत. बाकांच्या रांगाच्या रांगा रिकाम्या होत्या. एक सदस्य मेंढपाळांच्या चराईबद्दल ठराव मांडत होते. मेंढ्या, कुरणं, वाटा, सगळं त्यांनी नीट अभ्यासून आणलं होतं. ऐकायला चार-पाच जण, त्यातले दोघं आपसात बोलत होते. त्यांचा आवाज मात्र जराही कमी झाला नाही. मी शाळेत शेवटच्या तासाला शिकवायचे तेव्हा अशीच अवस्था असायची. त्यांचं मी शेवटपर्यंत ऐकलं. कुणीतरी ऐकायला हवं होतं.

सहा वाजता अध्यक्षांच्या जागी बसलेल्या बाईंनी सभागृह सोमवारपर्यंत तहकूब केलं. पडदा बदलला. तेव्हा लक्षात आलं की मी सकाळपासून जेवले नव्हते.

वहिनी शेतातून सरळ माझ्याकडंच आल्या. पदराला कापसाचे धागे चिकटले होते. ओट्यावर बसून त्या पाणी प्यायल्या.

“मंग? काय म्हने मंत्री?”

“प्रयत्न सुरू आहेत म्हणाले. प्रकृती ठीक आहे म्हणाले.”

“नाव घेतलं का आपल्या पोराचं?”

“तिथं नाव घेता येत नाही, वहिनी.”

त्या पदरावरचा एक धागा ओढत म्हणाल्या, “मंग त्याईले कसं कळन, का तो आपला हाये म्हणून?”

त्यांनी माझ्या चुलीकडं, म्हणजे गॅसकडं, बघितलं, उठून गेल्या आणि थोड्या वेळानं ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी घेऊन आल्या. मी जेवेपर्यंत बसल्या. त्यांचे डोळे मिटत होते, तरी बसल्या.

सोमवारी अकरा वाजता मला त्या दुसऱ्या आईची आठवण झाली. आता ती निघाली असेल. आता पोचली असेल. ते म्हातारे सदस्य तिला काय सांगत असतील? न राहवून मी विद्यार्थ्याला त्या खासदारांच्या कार्यालयाचा नंबर मागितला. तिथं हिंदी समजणारा एकच माणूस होता, तोही दुपारी यायचा. त्याला मी माझं सगळं सांगितलं, माझा नंबर दिला.

रविवारी दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला. उचलल्यावर पलीकडं नुसता श्वास ऐकू येत होता. मग एका बाईनं एक नाव उच्चारलं. तिच्या मुलाचं. मी माझ्या मुलाचं नाव सांगितलं. तिनं ते दोन-तीनदा म्हणून बघितलं, थोडं चुकवत, जसं नव्या बाई हजेरी घेताना म्हणतात. तिला मराठी येत नव्हतं, हिंदीचे चार शब्द येत होते. मला तिच्या भाषेतलं काहीच येत नव्हतं.

“खाना?” तिनं विचारलं.

“खाया,” मी म्हटलं. “आप?”

“खाया.”

एवढंच झालं. पण त्यानंतर दर रविवारी तीनच्या सुमाराला फोन येऊ लागला, कधी मी करू लागले. कुणाला मुलाचा निरोप आला असला तर ‘फोन आया’ म्हणायचं, ‘ठीक’ म्हणायचं. नसला आला तर काहीच म्हणायचं नाही. कधी कधी ती तिच्या भाषेत बरंच काही बोलायची. मी मध्ये मध्ये ‘हो’ म्हणायचे. मग मी मराठीत बोलायचे. मुलगा लहानपणी कसा होता, त्याचे बाबा कसे गेले, समोरच्या वहिनी कापसाचा वेचा संपला की माहेरी जातात तेव्हा गल्ली कशी सुनी होते. आपल्या माणसांना जे सांगताना अवघडायला व्हायचं, ते तिला बिनदिक्कत सांगता यायचं, कारण तिला ते कळत नव्हतं.

उन्हाळ्यात न्यायालयाचा निकाल लागला आणि सगळ्यांना सोडलं. मुलगा नागपूरहून गाडी करून आला. वाळला होता, खोकला राहिलाच होता, दाढी वाढवली होती. मी त्याला तो शुक्रवार सांगितला. पाचवा नंबर, रिकामा बाक, म्हातारे सदस्य. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, “आई, आम्हाला तिथं यातलं काहीच कळलं नव्हतं.” सहा आठवडे तो घरी होता. बहुतेक वेळ झोपायचा, नाहीतर मोबाइल घेऊन अंगणात बसायचा. तिकडचं काही बोलायचा नाही. मी एकदोनदा विचारून बघितलं, मग सोडून दिलं. आठ-नऊ महिने ज्याच्याशी मनात बोलत होते तो समोर बसलेला, आणि आम्हाला बोलायला विषय सापडत नव्हता. मृगानंतर त्याला दुसऱ्या जहाजाचं बोलावणं आलं. मी जाऊ नको म्हणाले नाही. त्याला तेवढंच काम येतं.

तो गेल्यावरच्या रविवारी मी तिला फोन केला. या वेळी पलीकडून तिच्या मुलानं उचलला. त्याला हिंदी चांगलं येत होतं. त्यानं जहाज सोडलं होतं, गावातच मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकणार होता. मागं भांड्यांचा, पोराबाळांचा आवाज येत होता.

“अम्मा पूछ रही हैं,” तो म्हणाला, “आप घर में अकेली रहती हैं क्या?”

इतके महिने आम्ही बोलत होतो आणि तिला हे विचारता आलं नव्हतं.

“हां,” मी म्हटलं.

त्यानं ते तिला सांगितलं. मग ती काहीतरी भरभर बोलली.

“कह रही हैं, हमारे यहाँ आ जाइए. कुछ दिन रहिए.”

मी ‘जरूर’ म्हटलं. त्याला पावसाळा लोटून गेला. आता आमचे फोन कमी झाले आहेत. तिच्या घरी मुलगा आहे, सून यायची आहे. महिन्यातून एखाद्या रविवारी वाजतो. बसस्टँडवर जाऊन मी चौकशी करून ठेवली आहे. आधी वर्धा, तिथून रेल्वे, मग एक गाडी बदलायची, जवळपास दोन दिवस लागतात. समोरच्या वहिनींना विचारलं, येता का सोबत? त्या म्हणाल्या, कापूस निघू द्या, मग पाहू.